गुन्ह्याची कारणे आणि अनिश्चिततेचे गणित

गुन्हेगारीचे गणिती प्रारूप म्हणजे बेकारी, शाळागळती, व्यसन, वस्तीतली एकी, पोलिसांचा वावर अशा गोष्टींचा गुन्ह्यांशी काय संबंध आहे, हे समीकरणांत मांडण्याचा प्रयत्न. यात मोजायची जवळजवळ प्रत्येक गोष्ट निसरडी असते. किती गुन्हे घडले हे नक्की कळत नाही, कारण ज्याची तक्रारच झाली नाही तो गुन्हा कुठल्याच नोंदवहीत नसतो. कारण कोणते आणि परिणाम कोणता, हेही चटकन सांगता येत नाही. काम नाही म्हणून माणूस चोरीकडे वळला, की चोरीचा शिक्का बसल्यामुळे त्याला काम मिळेनासे झाले? शिवाय ‘वस्तीतली एकी’ किंवा ‘घरातला ताण’ यांना लावायला फूटपट्टी नाही. गेल्या दोनशे वर्षांत या विषयात बरीच गणिते उभी राहिली. त्यांतली कोणती टिकली आणि कोणती कोसळली, हे बहुतेक वेळा एकाच गोष्टीवर ठरले: त्यांनी ही अनिश्चितता उत्तरापर्यंत सांभाळून नेली, की वाटेत कुठेतरी टाकून दिली.

सुरुवात फ्रान्समध्ये झाली. तिथल्या न्यायखात्याने 1825 पासूनच्या फौजदारी खटल्यांची देशभरची आकडेवारी 1827 सालापासून दरवर्षी छापायला घेतली. असा सलग, एका साच्यातला तपशील त्याआधी कुणाच्याच हाती आलेला नव्हता. बेल्जियमचे खगोलशास्त्रज्ञ अडॉल्फ केतले यांनी हे आकडे पाहिले आणि त्यांना धक्का बसला. गुन्हे करणारी माणसे दरवर्षी वेगळी, ठिकाणे वेगळी, प्रसंग वेगळे. तरी एकूण संख्या, वयानुसार वाटणी, शंभर आरोपींपैकी दोषी ठरणाऱ्यांचे साधारण 61 हे प्रमाण, सारे काही वर्षामागून वर्षे जवळपास तेवढेच राहत होते. गुन्ह्याकडे वळण्याचा कल तारुण्यात झपाट्याने वाढतो, पंचविशीच्या आसपास टोक गाठतो आणि मग ओसरतो, हा आलेखही त्यांनीच पहिल्यांदा काढला. व्यक्ती कितीही बेभरवशाची असली तरी समाजाच्या पातळीवर नियमितपणा दिसतो, म्हणून गुन्ह्याची मुळे समाजरचनेत शोधावीत, हा विचार तिथून पुढे आला.

त्याच आकड्यांवर आंद्रे-मिशेल गेरी या वकिलाने 1833 साली नकाशांचे पुस्तक काढले. फ्रान्सचा प्रत्येक विभाग गुन्ह्यांच्या प्रमाणानुसार फिकट-गडद रंगवायचा आणि त्याच्या शेजारी शिक्षणाचा, संपत्तीचा नकाशा ठेवायचा, अशी त्याची पद्धत होती. अडाणीपणा आणि गरिबी असेल तिथे गुन्हे जास्त, असे तेव्हा सर्वांनीच गृहीत धरले होते. नकाशांनी तसे दाखवले नाही. मालमत्तेविरुद्धचे गुन्हे उत्तरेच्या सधन, शिकलेल्या विभागांत जास्त भरले. जिथे चोरण्यासारखे काही असते तिथे चोऱ्या होतात, हे त्याचे एक साधे स्पष्टीकरण. आणि श्रीमंत विभागातला चोर स्वतः श्रीमंत असतो, असे त्यातून मुळीच निघत नाही.

हा शेवटचा मुद्दा गणिताच्या अंगाने पक्का व्हायला 1950 साल उजाडले. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ डब्ल्यू. एस. रॉबिन्सन यांनी जनगणनेचे आकडे घेऊन दाखवले की परदेशात जन्मलेल्यांचे प्रमाण ज्या राज्यांत जास्त, तिथे निरक्षरता कमी आहे. सहसंबंध उणे 0.53. पण माणसामाणसाचा हिशेब केला तर परदेशात जन्मलेल्यांत निरक्षरता किंचित जास्तच होती. सहसंबंध अधिक 0.12. स्थलांतरित मंडळी जास्त साक्षर राज्यांत जाऊन राहत होती, एवढाच राज्यांच्या आकड्याचा अर्थ. एका पातळीवरचा संबंध दुसऱ्या पातळीवर चिन्हासकट उलटू शकतो. ‘अमुक जिल्ह्यात तमुक समाजाची वस्ती जास्त आणि गुन्हेही जास्त’ अशा धर्तीची विधाने आजही सर्रास केली जातात. रॉबिन्सनच्या दाखल्यासमोर त्यांतली बहुतेक टिकत नाहीत.

भारतात गुन्ह्यांची देशव्यापी वार्षिक आकडेवारी 1953 पासून मिळते, आणि 1986 साली स्थापन झालेला राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभाग आता ती प्रसिद्ध करतो. हे आकडे घडलेल्या गुन्ह्यांचे नसून नोंदलेल्या गुन्ह्यांचे असतात. त्यातही एका एफआयआरमध्ये अनेक कलमे असतील तर सर्वांत गंभीर गुन्हा तेवढा मोजला जातो. खुनाबरोबर बलात्कार झाला असेल तर तो खुनाच्या रकान्यात जातो. 2012 साली देशात बलात्काराचे 24,923 गुन्हे नोंदले गेले, 2013 साली 33,707. एका वर्षात अत्याचार एक तृतीयांशाने वाढले, असा याचा अर्थ कोणी जाणता माणूस लावणार नाही. डिसेंबर 2012 च्या दिल्लीतील सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर कायदा बदलला, व्याख्या रुंदावली, ठाण्यात तक्रार घेण्याची सक्ती वाढली आणि बोलायचे धैर्यही वाढले. मग या वाढीतला किती भाग प्रत्यक्ष गुन्ह्यांचा आणि किती नोंदीचा?

अशा प्रश्नाला गणिताने एक नेटके उत्तर दिले आहे. 73 व्या घटनादुरुस्तीनंतर पंचायतींत महिलांसाठी एक तृतीयांश जागा राखीव झाल्या, पण सगळ्या राज्यांत निवडणुका एकाच वर्षी झाल्या नाहीत. लक्ष्मी अय्यर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2012 च्या शोधनिबंधात या वेळेच्या फरकाचा उपयोग केला. ज्या राज्यात आरक्षण लागू झाले तिथे महिलांवरील नोंदलेल्या गुन्ह्यांत मोठी वाढ झाली. मात्र सहसा लपत नाहीत अशा खुनांत तशी वाढ दिसली नाही, आणि पोलिसांचा प्रतिसाद सुधारल्याच्या खुणा आढळल्या. म्हणजे वाढलेला आकडा इथे चांगल्या बदलाची निशाणी होता. नोंदलेली संख्या म्हणजे घडलेले गुन्हे गुणिले नोंद होण्याची शक्यता. हा गुणाकार ध्यानात न घेणारे प्रारूप अशा राज्याला ‘अधिक धोकादायक’ ठरवून मोकळे होईल. गुन्ह्यांच्या दरात केरळ वर्षानुवर्षे वरच्या क्रमांकांत दिसते, त्याचा अर्थ लावतानाही हेच भान लागते.

म्हणूनच कारणांचा शोध घेणारे अनेक अभ्यासक खुनापासून सुरुवात करतात. मृतदेह सहसा दडवता येत नाही. ज्याँ द्रेझ आणि रीतिका खेरा यांनी 1981 च्या सुमाराची जिल्हावार आकडेवारी घेऊन 2000 साली प्रसिद्ध केलेला अभ्यास या बाबतीत फार महत्त्वाचा आहे. खुनांचे प्रमाण जिल्ह्याच्या गरिबीशी किंवा शहरीकरणाशी ठळकपणे जोडलेले आढळले नाही. साक्षरता जास्त असलेल्या जिल्ह्यांत खून कमी होते. सर्वांत ठसठशीत संबंध निघाला तो स्त्री-पुरुष प्रमाणाशी: जिथे पुरुषांच्या मानाने स्त्रिया कमी, तिथे खून जास्त. पण संबंध सापडला म्हणजे कारण सापडले असे होत नाही, हे लेखकांनीच मोकळेपणाने मांडले. स्त्रियांची संख्या घटल्याने हिंसा वाढते, की हिंसेच्या आणि जमिनीच्या भांडणांच्या प्रदेशात मुलगेच हवे असतात, की एखादी पुरुषसत्ताक घडण दोन्ही गोष्टींना जन्म देते? जिल्ह्यांच्या एका वेळच्या चित्रातून बाणाची दिशा ठरवता येत नाही.

दिशा ठरवायची तर अशी एखादी गोष्ट हाती लागावी लागते जी कारणाला हलवते, पण परिणामामुळे स्वतः हलत नाही. पाऊस ही तशी गोष्ट आहे. शीतल सेखरी आणि अ‍ॅडम स्टोरीगार्ड यांनी 2002 ते 2007 या काळातील जिल्ह्यांचा पाऊस आणि हुंडाबळींच्या नोंदी शेजारी ठेवल्या. एखाद्या जिल्ह्याचा पाऊस त्याच्या स्वतःच्या सरासरीपेक्षा एका प्रमाणविचलनाने कमी पडला, की नोंदलेले हुंडाबळी 7.8 टक्क्यांनी वाढत होते. हुंडाबळींमुळे पाऊस कमी पडत नाही, त्यामुळे बाण इथे एकाच बाजूने जातो. पीक बुडाले की घरात पैशाची ओढ लागते आणि ती सुनेच्या माहेरकडे वसुलीच्या रूपाने वळते, हे त्यामागचे संभाव्य सूत्र. कष्टाने घासूनपुसून काढलेला असा एक आकडा शंभर ढोबळ सहसंबंधांपेक्षा मोलाचा असतो.

अनिश्चितता वाटेत टाकून दिली की काय होते, याचा धडा अमेरिकेत मिळाला. आयझॅक एर्लिक यांनी 1975 साली 1933 ते 1969 या काळातील आकड्यांवरून असा निष्कर्ष काढला की प्रत्येक फाशीमुळे सात ते आठ खून टळतात. आकडा नेमका होता, म्हणून तो वाऱ्यासारखा पसरला आणि फाशीच्या बाजूने सर्वोच्च न्यायालयापुढेही मांडला गेला. इतरांनी तेच गणित पुन्हा केले तेव्हा दिसले की 1962 नंतरची थोडी वर्षे वगळली तरी परिणाम नाहीसा होतो. समीकरणाचे रूप थोडे बदलले तरी तेच. 1960 च्या दशकात अमेरिकेत फाशी जवळजवळ बंद झाली आणि त्याच काळात, कितीतरी अन्य कारणांनी, सर्व प्रकारचे गुन्हे वाढले. सारा निष्कर्ष त्या योगायोगावर उभा होता. तिथल्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने 1978 मध्ये आणि पुन्हा 2012 मध्ये सांगितले की या अभ्यासांच्या आधारे फाशीचा खुनांवर काय परिणाम होतो हे ठरवता येत नाही. जिवाच्या प्रश्नावर ‘सात ते आठ’ म्हणणाऱ्याने त्याबरोबर किती कमीजास्त हेही सांगायला हवे होते. प्रामाणिकपणे सांगितले असते तर त्या पट्ट्यात शून्यही आले असते.

एकच कारण दोन माणसांवर उलटे परिणाम करू शकते, ही अडचण तर आणखी खोल आहे. 1994 पासून अमेरिकेतील पाच शहरांत गरीब वस्त्यांमधल्या सुमारे 4,600 कुटुंबांची नावे चिठ्ठ्या टाकाव्यात तशी विभागली गेली आणि त्यांतल्या काहींना बऱ्या वस्तीत राहायला जाण्यासाठी घरभाड्याची मदत मिळाली. चिठ्ठीमुळे दोन्ही गट सुरुवातीला सारखे होते, म्हणून पुढचा फरक वस्तीचाच म्हणता येतो. स्थलांतर केलेल्या कुटुंबांतील मुलींच्या अटका कमी झाल्या. मुलग्यांच्या हिंसक गुन्ह्यांतल्या अटका सुरुवातीला घटल्या, पण काही वर्षांनी चोरीसारख्या गुन्ह्यांतल्या अटका वाढल्या. ‘वस्तीचा परिणाम’ असा एकच आकडा या कुटुंबांसाठी काढला असता तर बेरीज-वजाबाकी होऊन जवळपास काहीच घडले नाही असे दिसले असते.

माणसे एकमेकांचे पाहून वागतात, हाही गणिताला मोठाच पेच. फ्रेंच गणिती सिमेऑं देनी प्वासाँ यांनी 1837 साली न्यायनिवाड्यांच्या संभाव्यतेवरच्या ग्रंथात जे सूत्र मांडले, ते आज त्यांच्याच नावाने ओळखले जाते. विरळ आणि एकमेकांपासून स्वतंत्र घटना मोजल्या, तर त्यांच्या संख्येतील चढउतार सरासरीवरून ठरणाऱ्या मर्यादेत राहतात. गुन्हे असे स्वतंत्र असते तर सारखी परिस्थिती असलेल्या दोन शहरांच्या दरांत फार तफावत पडली नसती. 1996 मध्ये एडवर्ड ग्लेझर, ब्रूस सॅसरडोट आणि जोझे शाइंकमन यांनी अमेरिकी शहरांचे आकडे तपासले, तेव्हा आर्थिक आणि सामाजिक फरक जमेस धरूनही तफावत कितीतरी जास्त उरत होती. एकाचे पाहून दुसरा, दुसऱ्याचे पाहून तिसरा असे झाले तर लहानसा फरक फुगत जातो, हे त्यांचे उत्तर. भुरट्या चोऱ्या आणि वाहनचोरीत हा संसर्ग सर्वांत जास्त आढळला. खून आणि बलात्कारात जवळजवळ नाहीच. ही विभागणी विचार करण्यासारखी आहे. मोटारसायकल कशी उघडायची हे पोरे एकमेकांकडून शिकतात. खुनामागे मात्र बहुधा त्या दोन माणसांपुरतेच वैर असते.

संगतीने जसे बिघडते तसे सावरतेही. शिकागोमध्ये रॉबर्ट सॅम्पसन, स्टीफन राउडेनबुश आणि फेल्टन अर्ल्स यांनी 343 वस्त्यांतल्या 8,782 रहिवाशांना साधे प्रश्न विचारले. शाळा चुकवून नाक्यावर उभ्या राहिलेल्या मुलांना शेजारी हटकतील का? कोणी भिंत रंगवून घाण करत असेल तर बोलतील का? लोक एकमेकांवर विश्वास ठेवतात का? 1997 साली त्यांनी दाखवले की या उत्तरांतून बनलेला सामूहिक वचकाचा निर्देशांक गरिबी आणि वस्तीची अस्थिरता जमेस धरूनही हिंसेचे प्रमाण समजावून सांगतो. शेजारपाजारच्यांचा वचक ही आपल्याकडच्या चाळींत आणि गावांत सर्वांना अनुभवाने ठाऊक असलेली गोष्ट. तिला मापाचे रूप देता येते, हे त्या अभ्यासाचे मोठे काम.

तरीही पुष्कळ कारणे अशी उरतात ज्यांची आकडेवारी नसते. असतो तो फक्त जाणत्या माणसांचा अंदाज. ठाण्यातला जुना हवालदार, शाळेतली शिक्षिका, बालगृहातला समुपदेशक, वस्तीत काम करणारी कार्यकर्ती यांच्याकडे कारणांचे एक चित्र असते, पण ते शब्दांत असते: ‘बऱ्यापैकी’, ‘थोडेफार’, ‘फारच’. अशा शब्दांशी गणिताची गाठ लॉत्फी झादे यांनी घालून दिली. बाकू येथे जन्मलेल्या आणि कॅलिफोर्नियात बर्कलीला शिकवणाऱ्या झादे यांनी 1965 मध्ये फझी संचांची कल्पना मांडली. नेहमीच्या संचात एखादी गोष्ट आत असते किंवा बाहेर. फझी संचात ती 0 ते 1 मधल्या कितव्याही प्रमाणात आत असू शकते. एखादा तरुण ‘बेकार’ आहे का? महिन्यातले आठ दिवस नाक्यावर बिगारी मिळत असेल तर तो 0.7 इतका बेकार आहे, असे म्हणायची सोय त्यात आहे.

दुसरीकडे रॉबर्ट अ‍ॅक्सेलरॉड यांनी 1976 च्या ग्रंथात राजकीय निर्णय घेणाऱ्यांच्या मनातले कारणांचे जाळे बाणांच्या आकृतीत मांडले होते. बार्ट कॉस्को यांनी 1986 मध्ये या दोन धाग्यांची गाठ मारून फझी बोधनकाशा तयार केला. यात प्रत्येक घटक म्हणजे एक वर्तुळ. एका घटकाचा दुसऱ्यावर परिणाम होत असेल तर बाण. आणि प्रत्येक बाणावर उणे 1 ते अधिक 1 मधले वजन. अधिक म्हणजे वाढवतो, उणे म्हणजे घटवतो.

हे चालते कसे, ते एका काल्पनिक वस्तीवर पाहता येईल. आकडे फक्त रीत समजण्यासाठी घेतले आहेत. समजा तरुणांतली बेकारी 0.6, व्यसन 0.4 आणि शेजाऱ्यांचा वचक 0.5 आहे. जाणकारांनी चोऱ्यांकडे जाणाऱ्या बाणांना वजने दिली: बेकारीला 0.4, व्यसनाला 0.5, वचकाला उणे 0.6. प्रत्येक घटकाला त्याच्या बाणाच्या वजनाने गुणायचे: 0.24, 0.20 आणि उणे 0.30. बेरीज 0.14. ही बेरीज 0 आणि 1 च्या मध्ये बसवण्यासाठी एका वक्र सूत्रातून काढतात. तिथून चोऱ्यांची पातळी 0.535 येते. आता शेजार सावरला, दिवाबत्ती आली, मंडळाची पोरे रात्री फिरू लागली आणि वचक 0.8 झाला असे धरा. बेरीज उणे 0.04 होते आणि पातळी 0.490. म्हणजे वचक सुधारल्याने 0.045 चा फरक पडला. खऱ्या नकाशात गणित इथे थांबत नाही. चोऱ्या वाढल्या की लोक दारे लावून घेतात आणि वचक कमी होतो. व्यसनाने शाळा सुटते, शाळा सुटल्याने काम मिळत नाही. असे उलटे बाण असल्यामुळे तोच गुणाकार फेऱ्यामागून फेऱ्या चालवावा लागतो. कधी आकडे एका जागी स्थिरावतात, कधी दोन-तीन अवस्थांमध्ये फिरत राहतात.

आता खरी परीक्षा. बेकारीच्या बाणाला एका जाणकाराने 0.1 दिले आणि दुसऱ्याने 0.7 दिले तर? वचक 0.5 असताना चोऱ्यांची पातळी पहिल्याच्या मते 0.490 आणि दुसऱ्याच्या मते 0.579 येते. दोन अनुभवी माणसांच्या मतभेदाने पडणारा फरक हा वचक सुधारल्याने पडणाऱ्या फरकाच्या जवळपास दुप्पट आहे. तेव्हा ‘या वस्तीत चोऱ्यांची पातळी 0.535’ असे छापणे म्हणजे वाचकाची दिशाभूल. पण वचक 0.8 करून पाहिला, तर पहिल्याच्या मते पातळी 0.490 वरून 0.445 वर येते आणि दुसऱ्याच्या मते 0.579 वरून 0.535 वर. घट दोघांच्याही हिशेबात तेवढीच, साधारण 0.045. पातळी किती, याबद्दल प्रारूप डळमळीत आहे. काय केल्याने ती कुठे सरकेल, याबद्दल बरेच ठाम. वजने पुन्हा पुन्हा बदलून असे तपासणे हाच या पद्धतीचा गाभा आहे, आणि तो वगळून केलेल्या नकाशाला फारसा अर्थ नाही. अर्थात वचकाच्या बाणावरचे उणे चिन्ह जाणकारांनीच घातलेले होते. प्रारूपात जे आपण भरले, ते प्रारूपाने शोधून काढले असे म्हणता येत नाही. त्यासाठी शिकागोसारखा प्रत्यक्ष अभ्यासच लागतो.

काही बाणांबद्दल तर जाणकार वजनही द्यायला तयार नसतात. संबंध असावा, पण आहे की नाही हेच सांगता येत नाही, अशी स्थिती असते. तेव्हा आयआयटी मद्रासमध्ये शिकवणाऱ्या डब्ल्यू. बी. वसंता कंदसामी आणि अमेरिकेतील फ्लोरेंतिन स्मरंदाके यांनी 2003 मध्ये यासाठी न्यूट्रोसॉफिक बोधनकाशा सुचवला. त्यात असा अनिर्णित बाण तुटक रेषेने काढतात आणि गणितात त्याच्या जागी एक स्वतंत्र चिन्ह ठेवतात. ते चिन्ह गुणाकार-बेरजेतून जसेच्या तसे पुढे वाहत जाते आणि ज्या ज्या उत्तराला त्याचा स्पर्श झाला ते उत्तर शेवटी ‘अनिर्णित’ म्हणूनच बाहेर पडते. कंदसामी यांनी ही पद्धत तमिळनाडूतील एचआयव्हीग्रस्त स्थलांतरित मजुरांच्या प्रश्नासाठी वापरली. एकदा पुष्कळ तुटक रेषा आल्या की जवळजवळ सगळेच अनिर्णित निघते, ही तिची मर्यादा आहे. पण शून्य आणि ‘माहीत नाही’ हे दोन वेगळे ठेवणे हा मोठाच गुण.

बोधनकाशा कारणांचे चित्र काढतो. पोलिसांना मात्र उद्या गस्त कुठे घालायची हे हवे असते. त्यासाठी वेगळी गणिते आली. एका घरात घरफोडी झाली की पुढचे काही दिवस तेच घर आणि आजूबाजूची घरे पुन्हा फोडली जाण्याचा धोका वाढतो, हे पुष्कळ ठिकाणी आढळले आहे. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातील अँड्रिया बर्टोझ्झी, जेफ्री ब्रँटिंगहॅम आणि सहकाऱ्यांनी 2008 मध्ये हे समीकरणांत बसवले: प्रत्येक फोडीने घराचे ‘आकर्षण’ वाढते, काळाबरोबर ओसरते आणि शेजारी पसरते. त्यातून नकाशावर गुन्ह्यांचे तप्त ठिपके आपोआप उमटतात. 2011 साली जॉर्ज मोहलर आणि सहकाऱ्यांनी भूकंपानंतरच्या धक्क्यांसाठी भूशास्त्रज्ञ वापरतात तेच गणित घरफोड्यांना लावले. यातून पोलिसांना रोज गस्तीसाठी नकाशावरचे चौकोन दाखवणारी व्यापारी प्रणाली निघाली.

घरफोडीपुरते हे गणित नीट चालते, कारण घर फोडले गेले की घरमालक स्वतः तक्रार द्यायला येतो. अमली पदार्थांच्या बाबतीत कुणी तक्रार देत नाही. पोलीस जिथे जातात तिथेच गुन्हा सापडतो. क्रिस्टियन लम आणि विल्यम आयझॅक यांनी 2016 मध्ये अमेरिकेतील ओकलंड शहराच्या अमली पदार्थांच्या नोंदी अशा प्रणालीला दिल्या. पाहणीनुसार नशेचे प्रमाण शहरभर बरेचसे सारखे पसरलेले होते, पण प्रणालीने पुन्हा पुन्हा त्याच गरीब, कृष्णवर्णीय वस्त्यांकडे बोट दाखवले, कारण आधीच्या अटका तिथेच झाल्या होत्या. तिथे गस्त वाढवली की तिथेच अटका वाढणार, त्या पुन्हा प्रणालीत जाणार आणि चौकोन आणखी गडद होणार. आकड्यांतला दोष असा स्वतःच स्वतःला खतपाणी घालतो. कॅलिफोर्नियातील सांताक्रूझने 2020 मध्ये अशा प्रणालींवर बंदी घातली. लॉस एंजेलिस पोलिसांनीही त्याच वर्षी आपली प्रणाली थांबवली.

भारतात हा धोका अधिक जुना आहे. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने संपूर्ण जमातींनाच जन्मजात गुन्हेगार ठरवले. पारधी, भामटा, कैकाडी अशा कितीतरी समाजांची नावे यादीत गेली, हजेरी लागली, आणि सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये तारेच्या कुंपणाआड पिढ्या वाढल्या. कायदा 1952 मध्ये रद्द झाला, जमाती ‘विमुक्त’ झाल्या, पण सराईत गुन्हेगारांचे कायदे आले आणि चोरी झाली की आधी पारध्यांच्या पालावर जायचे ही रीत चालूच राहिली. ज्या समाजाला संशयावरून वारंवार उचलले जाते त्याच्या नावावर अटकेच्या नोंदी साठतातच. या नोंदी जशाच्या तशा प्रारूपाला दिल्या तर ते दीडशे वर्षांपूर्वीचा अन्याय टक्केवारीत पुन्हा छापेल, आणि यंत्राने काढलेला निष्कर्ष म्हणून त्याला पूर्वीपेक्षा जास्त मान मिळेल.

माणसांच्या याद्या करण्यात आणखी एक गणिती सापळा आहे. समजा एक लाख लोकसंख्येत पाचशे जण पुढच्या वर्षी गंभीर गुन्हा करणार आहेत, आणि प्रारूप गुन्हा करणाऱ्यांना आणि न करणाऱ्यांना दोन्हींना नव्वद टक्के अचूक ओळखते. पाचशेंपैकी 450 जण यादीत येतील. पण उरलेल्या 99,500 पैकी दहा टक्के, म्हणजे 9,950 जणही येतील. 10,400 नावांच्या यादीत खरे फक्त 450. शंभरांतले साधारण चार. शिकागो पोलिसांनी गोळीबारात सापडण्याची शक्यता असलेल्यांची अशीच यादी काही वर्षे चालवली. रँड संस्थेने 2016 मध्ये तिच्या सुरुवातीच्या रूपाची तपासणी केली, तेव्हा यादीतल्या लोकांचे जीव वाचल्याचे काही दिसले नाही. त्यांना गोळीबाराच्या प्रकरणांत अटक होण्याची शक्यता मात्र वाढलेली होती. 2019 मध्ये यादी बंद झाली.

व्यक्तीऐवजी जागा आणि परिस्थिती हा विषय धरला की प्रारूप तपासून पाहणे सोपे जाते, आणि चूक झाली तरी कोणाच्या मनगटात बेड्या पडत नाहीत. फिलाडेल्फियात पडीक भूखंड आणि गोळीबार यांचा संबंध नकाशांवर पूर्वीपासून दिसत होता. पडीक जागा गुन्ह्याला आसरा देतात, की गरिबीमुळे दोन्ही घडते, हे मात्र ठरत नव्हते. चार्ल्स ब्रानस आणि सहकाऱ्यांनी 541 भूखंड चिठ्ठ्या टाकून वाटले. काहींवरचा कचरा काढून हिरवळ आणि झाडे लावली, बुटके लाकडी कुंपण घातले. काहींची नुसती सफाई केली. काही होते तसेच ठेवले. 2018 मध्ये निष्कर्ष आले. दारिद्र्यरेषेखालच्या वस्त्यांत, सुधारलेल्या भूखंडांच्या आसपास बंदुकीची हिंसा 29 टक्क्यांनी घटली होती. कारणांच्या नकाशावर इतकी वर्षे तुटक रेषेने काढावा लागलेला तो एक बाण आता अखंड रेषेने काढता येतो आणि त्यावर वजनही लिहिता येते, निदान त्या एका शहरापुरते.